जपानी औपचारिक पत्राचा समारोप : दरबारी पत्रापासून ई-मेलपर्यंत – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पत्र हे इतिहासाचे अव्वल दर्जाचे साधन मानले जाते. परंतु पत्रांचा अभ्यास करताना अभ्यासकाचे लक्ष प्रामुख्याने मजकुराकडे असते. आरंभीचा मायना आणि शेवटचा समारोप हे साचेबंद भाग समजून ते बाजूला ठेवले जातात. जपानी पत्रव्यवहाराच्या बाबतीत मात्र ही पद्धत अपुरी ठरते. तेथे कित्येक शतके पत्राच्या शेवटची दोन-चार अक्षरे लिहिणारा आणि वाचणारा यांच्यातील सामाजिक अंतर स्पष्टपणे नोंदवीत आली आहेत.

आज जपानी कार्यालयातून येणाऱ्या औपचारिक ई-मेलच्या शेवटी ‘योरोशिकु ओनेगाइ इताशिमासु’ हे वाक्य जवळजवळ हमखास आढळते. ‘योग्य प्रकारे पाहावे, अशी नम्र विनंती करतो’ असा त्याचा ढोबळ अर्थ होतो. पुण्यात जपानी भाषेचे अध्यापन अनेक दशकांपासून चालू असून अनेक मराठी भाषक तरुण जपानी कंपन्यांशी पत्रव्यवहार करतात. त्यांना हे वाक्य बहुधा ‘आपला विश्वासू’ याचा पर्याय म्हणून परिचित होते. वस्तुतः दोहोंची जात वेगळी आहे. ‘आपला विश्वासू’ या शब्दांत लिहिणारा स्वतःविषयी काही सांगतो, तर जपानी वाक्यात वाचणाऱ्याकडे काही मागितले जाते. समारोपाच्या जागी विनंती कशी आली, हा प्रस्तुत निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार करताना पुढील मत मांडावयाचे आहे. जपानी समारोपातील आदराचे मोजमाप पूर्वी वाचणाऱ्याच्या पदावरून होत असे. आज ते मुख्यतः त्याच्यावर टाकल्या जाणाऱ्या कामाच्या भारावरून होते. जुन्या समारोपातील ‘भय’वाचक शब्द या स्थित्यंतरात नाहीसा झाला नाही, त्याने केवळ आपली जागा बदलली.

१. चिनी नमुने आणि ‘ओराइमोनो’

जपानी पत्रलेखनाचा पाया चिनी लेखनपरंपरेवर घातला गेला. नारा येथील शोसोइन या भांडारात सम्राज्ञी कोम्यो (इ.स. ७०१-७६०) हिच्या हातची एका चिनी पत्रनमुना-संग्रहाची नक्कल जतन केलेली आहे. आठव्या शतकात राजघराण्यातील व्यक्ती पत्राचे नमुने स्वहस्ते उतरवून घेत होती, ही गोष्ट पत्रशिष्टाचाराला असलेले महत्त्व दर्शविते. मस्तक भूमीला टेकविणे या अर्थाचा ‘तोन्शु’ हा समारोपाचा शब्द चिनी पत्रांतूनच आला. ‘सर्व काही लिहिणे झाले नाही’ अशा अर्थाचे ‘फुबि’ व ‘फुइत्सु’ हे शब्दही त्याच परंपरेतील होत.

अकराव्या शतकातील विद्वान दरबारी फुजिवारा नो आकिहिरा याने नमुना-पत्रांचा एक संग्रह सिद्ध केला. अशा संग्रहांना पुढे ‘ओराइमोनो’ हे नाव मिळाले. ‘ओराइ’ म्हणजे जाणे-येणे. अर्थात पत्र आणि त्याचे उत्तर. या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ म्हणजे चौदाव्या शतकाच्या सुमारास रचला गेलेला ‘तेइकिन ओराइ’. वर्षाच्या बारा महिन्यांना अनुसरून त्यात एकूण २५ पत्रे दिलेली आहेत. एदो काळात (१६०३-१८६८) सामान्य मुलांच्या ‘तेराकोया’ या शाळांमध्येही हा ग्रंथ वापरला जात असे. म्हणजे जपानी मूल लेखन शिकत असतानाच पत्र कसे संपवावे हेही शिकत होते. जपानी माणसाची विनम्रता ही त्याचा उपजत स्वभाव आहे, असे जे सर्रास म्हटले जाते, त्याला हा इतिहास दुजोरा देत नाही. ही विनम्रता नमुने गिरवून, शिकवून आणि तपासून घडविलेली होती.

२. ‘शोसात्सुरेइ’ : पदानुसार समारोप

पत्रातील शिष्टाचाराच्या नियमांना ‘शोसात्सुरेइ’ म्हणतात. निवृत्त सम्राट कामेयामा याच्या आज्ञेने इ.स. १२८५ मध्ये तयार झालेल्या ‘कोआन रेइसेत्सु’ या नियमावलीत दरबारातील विविध दर्जांच्या व्यक्तींनी परस्परांना कोणत्या पद्धतीने लिहावे हे ठरवून दिले होते. पुढे सामुराई वर्गानेही ही परंपरा उचलली आणि तिला आपल्या श्रेणीव्यवस्थेची जोड दिली.

या व्यवस्थेतील समारोपाची प्रमुख सूत्रे उतरत्या क्रमाने अशी मांडता येतात. वरिष्ठाला ‘क्योको किन्गेन’, म्हणजे ‘भयाने व धाकाने, आदरपूर्वक निवेदन’. समान किंवा किंचित कमी दर्जाच्या व्यक्तीला ‘क्योक्यो किन्गेन’, ज्यात धाकाची छटा सौम्य होते. त्याखालच्या व्यक्तीला नुसते ‘किन्गेन’, म्हणजे ‘आदरपूर्वक निवेदन’. आज्ञापत्रात आदरवाचक शब्दाऐवजी ‘वर लिहिल्याप्रमाणे’ या अर्थाचे कोरडे सूत्र येई. एका अक्षराच्या फरकाने सन्मान वाढे किंवा घटे.

हा भेद शब्दांपुरता मर्यादित नव्हता. तेच सूत्र सुटसुटीत, स्पष्ट वळणात लिहिले तर अधिक आदर व्यक्त होई आणि घाईच्या मोडी-सदृश वळणात लिहिले तर कमी. ज्याला पत्र लिहावयाचे त्याचे नाव परंपरेने पत्राच्या शेवटी, तारीख व लेखकाचे नाव यांच्यानंतर येत असे. ते तारखेच्या ओळीच्या तुलनेत किती उंचीवर लिहिले आहे, यावरही त्याचा मान ठरे. नावापुढील ‘सामा’ या आदरवाचक चिन्हाचीही दर्जानुसार निरनिराळी लेखनरूपे एदो काळात प्रचलित होती. तात्पर्य, समारोप, तारीख, सही आणि वाचणाऱ्याचे नाव हे सर्व घटक पत्राच्या अखेरीस एकत्र येत आणि दोन व्यक्तींमधील नात्याचा जणू नकाशाच तेथे काढलेला असे.

अतिउच्च व्यक्तीला थेट पत्र लिहिणे हाच उद्धटपणा समजला जाई. अशा वेळी पत्र त्या व्यक्तीच्या सेवकाच्या नावे लिहिले जात असे आणि त्याने ते योग्य वेळी धन्याच्या कानी घालावे, अशी विनंती शेवटी केली जात असे. या प्रकाराला ‘हिरोजो’ म्हणतात. त्यातील ठरलेल्या सूत्राचा अर्थ ‘हे योग्य रीतीने निवेदन करण्याची कृपा व्हावी’ असा असून त्याचा आरंभ ‘योरोशिकु’ याच शब्दाने होतो. त्यामागोमाग ‘क्योको किन्गेन’ येते. आजच्या ई-मेलमधील ‘योरोशिकु’ थेट या सूत्रातून उतरला असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि, पत्राच्या अखेरीस वाचणाऱ्याच्या विवेकावर काम सोपविण्याची रीत मध्ययुगीन पत्रातही होती, एवढे यावरून निश्चित होते.

३. सत्तेचा उदय आणि समारोपाचा संकोच

शोसात्सुरेइच्या अभ्यासाचा इतिहासकाराला होणारा उपयोग तोयोतोमी हिदेयोशी (मृत्यू १५९८) याच्या पत्रांवरून चांगला समजतो. सामान्य कुळात जन्मलेला हिदेयोशी ओदा नोबुनागाचा सेवक म्हणून पुढे आला. त्या काळातील त्याच्या पत्रांत इतर सरदारांना उद्देशून ‘क्योक्यो किन्गेन’ असा रीतसर समारोप आढळतो. १५८२ मध्ये नोबुनागाचा अंत झाला आणि १५८५ मध्ये हिदेयोशी ‘काम्पाकु’ या सर्वोच्च दरबारी पदावर आरूढ झाला. त्यानंतर सरदारांना पाठविलेल्या त्याच्या लाल मुद्रेच्या पत्रांत ‘क्योक्यो किन्गेन’ गळून पडते आणि पत्र ‘सोरो नारि’, म्हणजे ‘असे आहे’, एवढ्या दोन शब्दांत संपते.

जपानी इतिहासकार या प्रक्रियेला ‘हाकुरेइ’कडे, म्हणजे विरळ शिष्टाचाराकडे, झालेली वाटचाल म्हणतात. नोबुनागाच्या पत्रांतही सत्तावृद्धीबरोबर असाच बदल दिसून येतो. कालच्या बरोबरीच्या सरदाराला आज आपण त्याचे धनी आहोत हे हिदेयोशीने मजकुरातून सांगण्याची गरज नव्हती. समारोपातील गाळलेल्या अक्षरांनी ते काम केले होते. वर्ष न घातलेल्या पत्राचा काळ ठरवितानाही समारोपाचा असा पुरावा उपयोगी पडतो.

४. परकीय अभ्यासकाची नोंद

या व्यवस्थेची गुंतागुंत परकीयांच्याही ध्यानात आली होती. १५७७ मध्ये जपानला पोहोचलेला पोर्तुगीज जेझुइट झुआँव रोद्रिगिश याने जपानी भाषेचे विस्तृत व्याकरण लिहिले. ते १६०४ ते १६०८ या काळात नागासाकी येथे छापले गेले. व्याकरणाच्या या ग्रंथात त्याने पत्रलेखनाच्या शैलीचाही तपशीलवार विचार केला. पत्र कसे संपवावे हे ठाऊक नसेल तर जपानी भाषा येते असे म्हणता येणार नाही, हीच जाणीव या मांडणीमागे दिसते.

या प्रसंगाचा गोव्याशी प्रत्यक्ष संबंध आहे. १५८२ मध्ये जपानमधून युरोपला गेलेले चार जपानी तरुणांचे शिष्टमंडळ परतीच्या प्रवासात १५८७ मध्ये गोव्यास आले. त्यांच्यासोबत छपाईयंत्र होते. त्यांच्यापैकी हारा मार्तिन्यो याने गोव्यात केलेले लॅटिन भाषण १५८८ मध्ये तेथेच छापले गेले. हे यंत्र १५९० मध्ये जपानला पोहोचले आणि जपानमधील जेझुइट मुद्रणाचा आरंभ झाला. रोद्रिगिशचे व्याकरण हे त्याच मुद्रण-उपक्रमाचे फळ होय.

५. स्त्रियांची पत्रे : ‘काशिको’

आतापर्यंत विचारात घेतलेली सूत्रे मुख्यतः पुरुषांच्या चिनी वळणाच्या पत्रांतील आहेत. काना लिपीतील पत्रांत ‘काशिको’ हा वेगळा समारोप रूढ झाला. त्याचे मूळ ‘भय वाटणे, दबून जाणे’ या अर्थाच्या शब्दात आहे. आरंभी तो केवळ स्त्रियांचा नव्हता. होंगान-जी मठाचा प्रमुख रेन्न्यो (१४१५-१४९९) याने अनुयायांना लिहिलेली धर्मोपदेशाची पत्रे ‘आना काशिको, आना काशिको’ या शब्दांनी संपतात. कालांतराने हा शब्द स्त्रियांच्या पत्रापुरता उरला आणि आजही स्त्रियांच्या हस्तलिखित पत्रांत तो कधी कधी आढळतो.

येथे एक बाब लक्षणीय आहे. पुरुषांच्या ‘क्योको’मध्ये आणि स्त्रियांच्या ‘काशिको’मध्ये मूळ भाव एकच आहे, तो म्हणजे भय. पुरुषांच्या समारोपात मात्र त्या भयाच्या पायऱ्या पाडल्या गेल्या. ‘काशिको’ला जोडशब्द लावून त्याची काही रूपे झाली, परंतु दरबारी पदांची उतरंड त्यातून उभी राहिली नाही. राज्यकारभाराच्या पदश्रेणीतून स्त्रियांना वगळले गेल्याची ही भाषिक खूण मानता येईल.

६. मेइजी काळ : टपाल आणि सर्वांसाठी एक साचा

१८६८ च्या मेइजी स्थित्यंतरानंतर सामुराईंच्या वर्गीय अधिकारांचा क्रमाने लोप झाला. १८७१ मध्ये माएजिमा हिसोका याच्या पुढाकाराने आधुनिक टपालसेवा सुरू झाली, १८७२ मध्ये शिक्षणविषयक कायदा आला आणि १८७३ मध्ये पोस्टकार्ड प्रचारात आले. अनोळखी माणसाने अनोळखी माणसाला लिहिण्याचे प्रसंग वाढले. ज्याचे पद ठाऊक नाही त्याला ‘क्योको’ लिहावे की ‘क्योक्यो’, हा प्रश्न जुनी नियमावली सोडवू शकत नव्हती.

या नव्या परिस्थितीत ‘हाइकेइ – केइगु’ ही जोडी स्थिरावली. आरंभी ‘हाइकेइ’ (वंदन करून निवेदन) आणि शेवटी ‘केइगु’ (आदरपूर्वक मांडले) अशी ही रचना आहे. अधिक आदरासाठी ‘किन्केइ – किन्पाकु’ आणि औपचारिकता टाळून लिहिताना ‘झेन्र्याकु – सोसो’ (प्रास्ताविक वगळून – घाईघाईने) या जोड्या उरल्या. येथे निवड वाचणाऱ्याच्या पदापेक्षा प्रसंगावर अधिक अवलंबून आहे, हा या बदलाचा गाभा होय. क्रियापदाला ‘सोरो’ लावून लिहिण्याची जुनी ‘सोरोबुन’ शैली विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पत्रांतून टिकून राहिली. तथापि समारोपाची श्रेणी तोपर्यंत बरीच सपाट झाली होती.

७. १९५२ : समतेची भाषानीती

दुसऱ्या महायुद्धानंतर या प्रक्रियेला शासकीय अधिष्ठान लाभले. जपानच्या राष्ट्रभाषा परिषदेने १९५२ मध्ये ‘कोरे कारा नो केइगो’ (यापुढील आदरार्थी भाषा) हा प्रस्ताव सादर केला. पूर्वीची आदरार्थी भाषा प्रामुख्याने उच्च-नीच संबंधांवर वाढली, यापुढे ती व्यक्तिमत्त्वाच्या परस्पर आदरावर आधारलेली असावी, अशी त्याची भूमिका होती. ‘सामा’ हे रूप मुख्यतः पत्रातील नावापुढे वापरावे आणि सरकारी पत्रांतील ‘दोनो’च्या जागीही भविष्यात ‘सामा’च यावे, अशी अपेक्षा त्यात व्यक्त झाली. ज्या ‘सामा’ची एकेकाळी दर्जानुसार वेगवेगळी वळणे होती, ते आता सर्वांसाठी एक झाले. २००७ मध्ये सांस्कृतिक व्यवहार परिषदेने ‘केइगो नो शिशिन’ हे मार्गदर्शन प्रसिद्ध करून आदरार्थी भाषेचे पाच प्रकार मानले आणि परस्पर आदराचे तत्त्व पुन्हा अधोरेखित केले.

८. ई-मेलचा समारोप : भयाचे स्थलांतर

जपानमध्ये १९८४ मध्ये विद्यापीठांना जोडणारे ‘जुनेट’ हे जाळे सुरू झाले. १९९९ मध्ये ‘आय-मोड’ सेवेमुळे ई-मेल भ्रमणध्वनीवर आले. कार्यालयीन पत्रव्यवहार या माध्यमाकडे वळला तेव्हा ‘हाइकेइ – केइगु’ ही जोडी आणि ऋतुवर्णनाचे प्रास्ताविक सामान्यतः गळून पडले. वाचणाऱ्याचे नाव, त्याची कंपनी व विभाग शेवटून उचलून सर्वांत वर गेले. त्याखाली ‘ओसेवा नि नात्ते ओरिमासु’ (आपले साहाय्य आम्हांस लाभत आहे) हे वाक्य आले. परिणामी पूर्वी चार घटकांनी मिळून वाहिलेला आदराचा भार पत्राच्या अखेरीस एकट्या समारोपाच्या वाक्यावर येऊन पडला.

हा भार पेलण्याचे साधन म्हणजे विनंती. कागदपत्रे पाठविली असल्यास ती तपासून स्वीकारावीत (‘गोसाश्यू’), प्रस्ताव असल्यास विचार व्हावा (‘गोकेन्तो’), माहिती असल्यास खातरजमा करावी (‘गोकाकुनिन’) असे कामाचे नाव घेऊन पुढे ‘योरोशिकु ओनेगाइ इताशिमासु’ लिहिले जाते. येथेही पायऱ्या आहेत. ‘शिमासु’पेक्षा ‘इताशिमासु’ अधिक नम्र आणि त्याहून ‘मोशिआगेमासु’ अधिक नम्र. नात्याचे सातत्य व्यक्त करावयाचे असल्यास ‘कोन्गोतोमो’ (यापुढेही) हा शब्द आरंभी येतो. मागण्यासारखे काही नसतानाही वाक्य कायम राहते. अशा वेळी ती विनंती विशिष्ट कामाची नसून संबंध टिकविण्याची असते.

मागणी जड असेल तेव्हा तिच्यापूर्वी ‘ओसोरेइरिमासु गा’ किंवा ‘क्योशुकु देसु गा’ असे लिहिले जाते. ‘आपणास तसदी देताना संकोच वाटतो’ असा त्यांचा व्यावहारिक अर्थ आहे. या दोन्ही शब्दांच्या आरंभी असलेले चिन्ह ‘क्योको किन्गेन’मधील ‘क्यो’चेच आहे. शब्दशः पाहता ‘ओसोरेइरु’ म्हणजे भयात शिरणे आणि ‘क्योशुकु’ म्हणजे भयाने आक्रसणे. म्हणजे भय हरपलेले नाही. तेराव्या शतकात ते वाचणाऱ्याच्या पदाचे भय होते. आज ते त्याचा वेळ घेतल्याचे भय आहे. म्हणूनच वरिष्ठ अधिकारीही कनिष्ठाकडून अवघड काम करून घेताना हे शब्द निःसंकोच वापरतो. जुन्या व्यवस्थेत धन्याने सेवकाला ‘क्योको’ लिहिणे अकल्पनीय होते.

‘तोरिइसोगि ओरेइ मादे’ (तूर्त घाईने आभारापुरते) या समारोपाविषयीचा मतभेदही या दृष्टीने बोलका आहे. वाक्य अपुरे सोडल्यामुळे ते वरिष्ठांना लिहू नये, असे पत्रलेखनविषयक मार्गदर्शिका सांगतात. व्यवहारात मात्र ते सर्रास आढळते. उत्तराची गरज नसल्याचे सांगताना ‘हेन्शिन वा फुयो देसु’ (उत्तर अनावश्यक आहे) हे कोरडे वाटते. त्याऐवजी ‘गोहेन्शिन नि वा ओयोबिमासेन’ (उत्तराची तसदी घ्यावयास नको) हे सौम्य मानले जाते. दोन्ही वाक्यांचा आशय एकच असताना निवड ठरते ती वाचणाऱ्याच्या श्रमाची दखल घेतली की नाही, यावरून.

९. मराठी पत्रपद्धतीच्या संदर्भात

मराठी वाचकाला ही व्यवस्था सर्वस्वी परकी वाटण्याचे कारण नाही. मराठेशाहीतील पत्रांतही हुकमाच्या अखेरीस ‘जाणिजे’ आणि समान वा श्रेष्ठ व्यक्तीच्या पत्राअखेर ‘हे विनंति’ असा भेद पाळला जाई. ‘बहुत काय लिहिणे’ या समारोपात जपानी ‘फुइत्सु’सारखाच, सर्व लिहिणे शक्य नसल्याचा भाव आहे. या दोन परंपरांत देवाणघेवाण झालेली नाही. श्रेणीबद्ध समाजातील लेखनव्यवहाराने स्वतंत्रपणे गाठलेले हे साम्य आहे. पुढील वाट मात्र भिन्न झाली. आधुनिक मराठी कार्यालयीन पत्राने इंग्रजी वळणाचा ‘आपला विश्वासू’ स्वीकारला आणि ‘हे विनंति’ मागे पडले. जपानी पत्राने विनंतीलाच समारोप केले. अध्यापनात ‘योरोशिकु’ची तुलना करावयाचीच तर ती ‘आपला विश्वासू’पेक्षा ‘लोभ असावा, ही विनंती’ या मागे पडलेल्या समारोपाशी करणे अधिक उचित ठरेल.

निष्कर्ष

१. जपानी पत्राचा समारोप हा ग्रंथ, नियमावली, शाळा व शासन यांनी घडविलेला सामाजिक दस्तऐवज आहे. तो राष्ट्रीय स्वभावाचा आविष्कार मानता येत नाही.

२. मध्ययुगात समारोपाची निवड वाचणाऱ्याच्या पदावरून होत असे. त्यामुळे हिदेयोशीसारख्या सत्ताधीशाचा उत्कर्ष त्याच्या पत्रांच्या अखेरच्या अक्षरांतून वाचता येतो.

३. टपालसेवा, सार्वत्रिक शिक्षण आणि १९५२ ची भाषानीती यांमुळे पदश्रेणी सपाट झाली. ई-मेलमध्ये तिची जागा विनंतीच्या श्रेणीने घेतली.

४. भयवाचक शब्द कायम राहिला. परंतु तो सत्तेपासून सुटून दुसऱ्याच्या श्रमाशी जोडला गेला. जपानी ई-मेल शिकविणाऱ्या अध्यापकाने समारोपाची यादी पाठ करून घेण्यापूर्वी ‘या पत्राने समोरच्यावर कोणता भार टाकला आहे?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवल्यास योग्य वाक्याची निवड त्यांना स्वतःच करता येईल.